चेहरा, गळा आणि पाय : ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या पात्रनिवडीवर वाचकांचे प्रश्न

गाजलेल्या संगीतपटाचा रीमेक आला की पहिला वाद पेटतो तो नटांवरून. या वेळच्या पत्रांमध्ये सर्वाधिक पत्रं ‘वेस्ट साइड स्टोरी’वर आहेत. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : न्यूयॉर्कच्या पश्चिमेकडच्या वस्तीत ‘जेट्स’ ही गोऱ्या पोरांची टोळी आणि ‘शार्क्स’ ही पोर्तो रिको या स्पॅनिश बोलणाऱ्या कॅरिबियन बेटाहून आलेल्यांची टोळी. जेट्समधून बाहेर पडू पाहणारा टोनी आणि शार्क्सच्या म्होरक्याची, बर्नार्डोची, बहीण मारिया यांचं प्रेम जमतं आणि पुढे रोमिओ-ज्युलिएटची गत होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर हे नाटक १९५७ मध्ये आलं. संगीत लिओनर्ड बर्नस्टाइन यांचं, गीतं स्टीफन साँडहाइम यांची, नृत्यं जेरोम रॉबिन्स यांची. १९६१ मध्ये रॉबर्ट वाइज आणि रॉबिन्स यांनी त्याचा चित्रपट केला, त्याला १० ऑस्कर मिळाले. २०२१ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तो नव्याने केला. खालचे सगळे प्रश्न या दोन चित्रपटांभोवतीचे आहेत.

प्रश्न : जुन्या चित्रपटात नताली वुड गायलेलीच नाही असं नुकतंच वाचलं. मग नेमकं कोण कुणासाठी गायलं? आणि ज्यांचा आवाजच त्यांचा नाही, त्यांच्याशी नव्या नटांची तुलना तरी कशी करायची?
(वाचक, मिरज)

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. मारियाची गाणी मार्नी निक्सन यांनी गायली आणि टोनीची, म्हणजे रिचर्ड बेमर यांची, जिमी ब्रायंट यांनी. जेट्सचा म्होरक्या रिफ झालेल्या रस टॅम्ब्लिन यांच्या तोंडी जे ‘जेट साँग’ आहे, तो आवाज टकर स्मिथ यांचा. हे स्मिथ त्याच चित्रपटात ‘आइस’ या पात्राच्या भूमिकेत पडद्यावरही आहेत. बर्नार्डोची प्रेयसी अनिता झालेल्या रीटा मोरेनो ‘अमेरिका’ हे गाणं स्वतः गायल्या. पण ‘अ बॉय लाइक दॅट’ हे गाणं त्यांच्या गळ्यासाठी फार खाली जात होतं, म्हणून ते बेटी वँड यांच्याकडून घेतलं.

नताली वुड यांच्या बाबतीत जे घडलं ते मात्र मनाला लागतं. त्यांनी आपल्या आवाजात गाणी ध्वनिमुद्रित केली होती, त्याच आवाजावर ओठ हलवत दृश्यं चित्रित केली होती आणि हाच आवाज पडद्यावर राहील अशी त्यांची समजूत होती. चित्रीकरण झाल्यावर ती गाणी मार्नी निक्सन यांच्या आवाजात पुन्हा घेण्यात आली. एरवी आधी गाणं होतं, मग नट त्यावर ओठ हलवतो. इथे गायिकेला आधीच चित्रित झालेल्या ओठांवर गाणं बसवावं लागलं. वुड जिथे लयीत थोड्या मागे पडल्या असतील तिथे निक्सननाही तितकंच मागे पडून पुन्हा लय गाठायची होती. आपल्याकडच्या एखाद्या पार्श्वगायिकेला हे काम किती कठीण जाईल याची कल्पना करून पाहा. पडद्यावर निक्सन यांचं नाव आलं नाही. ध्वनिमुद्रिकेच्या उत्पन्नातला स्वतःच्या हिश्श्यातला एक छोटा वाटा बर्नस्टाइन यांनी त्यांना दिला, ही त्यातली एक चांगली गोष्ट.

तेव्हा तुलना करायचीच असेल तर २०२१ च्या रेचल झेग्लर यांची तुलना दोघींशी करावी लागेल : अभिनयासाठी वुड यांच्याशी, गाण्यासाठी निक्सन यांच्याशी. एका अठरा वर्षांच्या मुलीवर हे दुहेरी ओझं होतं, आणि तिने ते पेललं असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पडद्यावरचा नट स्वतः गातोय की नुसते ओठ हलवतोय, हे बघणाऱ्याला ओळखता येतं का?
(वाचक, बार्शी)

उत्तर : शंभर टक्के नाही, पण बऱ्यापैकी येतं. ओठांकडे बघत बसू नका, तेवढं कोणीही सरावाने जमवतो. ओळ सुरू होण्याच्या आधीचा क्षण बघा. गाणारा माणूस लांब ओळीआधी श्वास घेतो तेव्हा पोट आणि खालच्या बरगड्या फुलतात; ओठ हलवणारा बहुतेक वेळा नुसते खांदे उचलतो किंवा श्वास घेतच नाही. मग वरचा सूर येतो तेव्हा जबडा बघा. वरच्या सुरासाठी तोंड उभं उघडावं लागतं. ओठ आडवे ताणून हसऱ्या चेहऱ्याने लागलेला लांब वरचा सूर बहुधा दुसऱ्याचा असतो. ओळ संपल्यावर आवाज अजून घुमत असताना नटाचं तोंड मिटलं असेल, तर तिथे गफलत झालेलीच आहे.

आणखी एक खूण म्हणजे आवाजातली जागा. बोलताना आवाज खोलीतला वाटतो आणि गाणं सुरू होताच तो एकदम मोठ्या सभागृहातला, गुळगुळीत होतो. १९६१ च्या चित्रपटात बेमर बोलायचे थांबून ब्रायंट गायला लागतात तिथे हा सांधा कानाला कळतो. आवाजाचा पोतही बदलतो आणि भोवतालची हवाही.

प्रश्न : आवडता नट भूमिकेला अगदी फिट्ट आहे, फक्त गळा वर जात नाही, एवढ्यावरून त्याला नाकारायचं का? गाण्याची पट्टी खाली आणली की काम होत नाही का? आमच्या सुगम संगीताच्या कार्यक्रमात तर हे रोज होतं.
(वाचक, ठाणे)

उत्तर : तुमच्या कार्यक्रमात हे होतं, कारण तिथे सहसा एक गायक, एक पेटी, तबला आणि फार तर दोन-तीन वाद्यं असतात. पेटीवाला काळी चारऐवजी काळी दोन धरतो आणि गाणं सुरू. संगीतपटात हे इतकं सोपं नसतं, आणि चाहत्यांच्या वादात नेमका हाच मुद्दा कुणी काढत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिली अडचण वाद्यवृंदाची. बर्नस्टाइन यांनी प्रत्येक वाद्याला त्याच्या पट्ट्याचा विचार करून सूर दिले आहेत. व्हायोलिनची सर्वांत खालची तार पांढरी पाचला लागते. त्याच्या खाली व्हायोलिनला सूरच नाही. व्हायोलिनची ओळ आधीच त्या तारेपर्यंत उतरत असेल आणि तुम्ही गाणं तीन स्वरांनी, म्हणजे पेटीच्या लागोपाठच्या तीन पट्ट्यांनी, खाली आणलंत, तर ती ओळ दुसऱ्या वाद्याकडे द्यावी लागते किंवा बदलावी लागते. ट्रंपेट वरच्या टोकाला जो तीक्ष्ण, चिडलेला आवाज देतो तो खाली आल्यावर गोल आणि गोड होतो. टोळीयुद्धाच्या संगीतात गोड ट्रंपेट काय कामाचा?

दुसरी अडचण युगुलगीताची. ‘टुनाइट’मध्ये टोनी आणि मारिया एकच चाल आपापल्या सप्तकात गातात. टोनी झालेल्या नटासाठी पट्टी चार स्वरांनी उतरवली की मारियाची चालही तितकीच उतरते आणि जिथे तिचा आवाज सर्वांत खुलायला हवा तिथेच तो बसतो. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय. म्हणून संगीतपटात नायक आणि नायिका यांची निवड जोडीनेच करावी लागते. एकाला ठरवून मग दुसऱ्याला शोधायचं म्हटलं की पंचाईत होते.

तिसरी आणि खरी अडचण आहे ती टोळीयुद्धाआधीच्या पाच पदरी ‘टुनाइट’ची. जेट्स, शार्क्स, अनिता, टोनी आणि मारिया असे पाच पदर आधी सुटे येतात आणि शेवटी एकमेकांवर चढतात. जेट्स आणि शार्क्स लढाईची वाट बघताहेत, अनिता बर्नार्डोची, आणि प्रेमिक एकमेकांची. शेवटाला मारियाचा आवाज सगळ्यांच्या वरून जातो. इथे कुणा एकासाठी पट्टी हलवली की उरलेले चौघे हलतात. म्हणजे या एका गाण्यासाठी पाच गळे एकत्र जमवावे लागतात.

राहिला प्रश्न ‘गळा वर जात नाही’ याचा. ऑडिशनमध्ये एखादा सूर एकदा लागणं वेगळं आणि त्या सुराच्या आसपास चार मिनिटं मुक्काम करणं वेगळं. गाणाऱ्याचा आवाका विचारताना लोक सर्वांत वरचा सूर विचारतात. खरं तर विचारावं की गाणं बहुतांश कुठे फिरतं आणि तिथे हा माणूस शब्द स्पष्ट ठेवून, चेहरा न आवळता गातो का. वरच्या सुराला नटाच्या भुवया उंचावल्या आणि मान पुढे आली की कॅमेरा जवळ असताना प्रेक्षकाला प्रेम दिसत नाही, कष्ट दिसतात.

एवढं सगळं करूनही नट नाहीच गाऊ शकला तर डबिंग हाच प्रामाणिक मार्ग. पण ते आधी ठरवून, नटाला सांगून करावं.

प्रश्न : ‘मारिया’ हे गाणं ऐकायला इतकं साधं वाटतं. त्यात गाण्यासारखं अवघड काय आहे? आणि अ‍ॅन्सेल एल्गॉर्टची निवड चुकली असं तुम्हालाही वाटतं का?
(वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : घरी पेटी असेल तर ती समोर घ्या. काळी दोन हा षड्ज धरा. ‘मा’ काळी दोनवर, ‘रि’ पांढरी सहावर आणि ‘या’ काळी पाचवर वाजवा. म्हणजे सा, तीव्र मध्यम, पंचम. सा वरून थेट तीव्र मध्यमावर उडी मारायची, तिथे क्षणभर लोंबकळायचं आणि पंचमावर विसावायचं. आपल्या कानाला यमनमुळे तीव्र मध्यम ओळखीचा आहे, पण यमनमध्ये आपण त्याच्याकडे सहसा गंधारावरून किंवा पंचमावरून जातो. सा वरून एकदम नाही. पाश्चात्त्य संगीतात हे अंतर शतकानुशतकं कर्कश, अस्वस्थ मानलं गेलं. बर्नस्टाइन यांनी त्याच अंतरात प्रेयसीचं नाव बसवलं आणि लगेच पंचमावर आणून ते शांत केलं. मजेची गोष्ट अशी की ‘कूल’ या गाण्याची सुरुवातही याच सा, तीव्र मध्यम, पंचम या सुरांवर आहे. तिथे तोच मध्यम धमकी होऊन येतो. एकाच सुराला प्रेमही माहीत आहे आणि चाकूही.

गायकाची परीक्षा त्या मधल्या सुरात असते. तो सूर किंचित उतरला तर तो शुद्ध मध्यमाकडे झुकतो आणि गाणं सपाट होतं. किंचित चढला तर पंचमाची ओढच संपते. एल्गॉर्ट तो सूर नीट लावतात. सुरात ते कमी पडलेले नाहीत, हे आधी सांगायला हवं, कारण अनेकांनी त्यांना गाता येत नाही असं म्हणून निकालात काढलं.

आमच्या मते अडचण वेगळ्या जागी आहे. टोनी कुश्नर यांच्या नव्या पटकथेत टोनी हा मारामारीत एका मुलाला जवळजवळ ठार मारून वर्षभर तुरुंगात राहून आलेला आहे. म्हणजे त्याच्या गोडव्याखाली धग हवी. एल्गॉर्ट यांच्या चेहऱ्यावर ती धग फारशी दिसत नाही. त्यातच रिफ झालेले माइक फाइस्ट आणि बर्नार्डो झालेले डेव्हिड अल्व्हारेझ हे दोघे ब्रॉडवेवर तयार झालेले. अल्व्हारेझ लहानपणी ‘बिली एलियट’ या संगीतनाटकात नाचून ब्रॉडवेचा मानाचा टोनी पुरस्कार घेऊन आलेले आहेत. हे दोघे नुसते उभे राहिले तरी पाठीच्या कण्यापासून टाचेपर्यंत पात्र दिसतं. त्यांच्या मधोमध उभा असलेला नायक फिका वाटणारच. त्या तिघांना एकत्र उभं करून पाहिलं असतं तर हे निवडीच्या वेळीच कळलं असतं.

दिग्दर्शकाने ही उणीव भरून काढायचा एक प्रयत्न केलेला दिसतो. नाटकात ‘कूल’ लढाईआधी रिफ गातो. १९६१ च्या चित्रपटात ते लढाईनंतर गेलं आणि आइसच्या तोंडी आलं. २०२१ मध्ये ते पुन्हा लढाईआधी आलं, पण या वेळी टोनी रिफला थांबवण्यासाठी गातो. मोडक्या धक्क्यावर, पिस्तुलासाठी झटापट करत. टोनीला अंगाने काहीतरी करायला मिळालं, आणि एल्गॉर्ट यांचा सर्वांत चांगला प्रसंग तोच आहे.

प्रश्न : पोर्तो रिकोच्या भूमिकेत पोर्तो रिकोचेच नट हवेत हा हट्ट कशासाठी? नट म्हणजे शेवटी सोंग घेणारच ना?
(वाचक, पुणे)

उत्तर : सोंग घेणं हेच नटाचं काम, हे मान्य. पण १९६१ मध्ये काय झालं ते नेमकं बघा. बर्नार्डो झालेले जॉर्ज चकिरिस ग्रीक वंशाचे. लंडनच्या रंगभूमीवर ते त्याआधी याच नाटकात रिफ, म्हणजे समोरच्या टोळीचा म्होरक्या, करत होते. मारिया झालेल्या नताली वुड रशियन वंशाच्या. प्रमुख भूमिकांत पोर्तो रिकोमध्ये जन्मलेल्या एकट्या रीटा मोरेनो. आणि तरीही शार्क्सच्या सगळ्या नटांना एकाच गडद रंगाचा मेकअप फासला गेला, मोरेनोंनाही. याबद्दल त्या पुढे अनेकदा जाहीरपणे बोलल्या आहेत. पोर्तो रिकोच्या माणसांमध्ये गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळे वर्ण आहेत. सगळ्यांना एका रंगात बुडवलं की टोळी दिसते, माणसं दिसत नाहीत. सांगली-कोल्हापूरच्या प्रत्येक पात्राच्या तोंडी एकसारखी ‘रांगडी’ बोली घातली की आपल्याला जे खटकतं, तेच हे.

२०२१ साठी जाहीर निवडचाचणी ठेवली गेली, ३० हजारांहून अधिक अर्ज आले. झेग्लर तेव्हा न्यू जर्सीत शाळेत होत्या. त्यांची आई कोलंबियन वंशाची. म्हणजे त्याही पोर्तो रिकोच्या नाहीत, आणि त्यावरूनही नाराजी व्यक्त झालीच. अनिता झालेल्या अ‍ॅरियाना डीबोज यांचे वडील पोर्तो रिकन. त्या स्वतः कृष्णवर्णीय आहेत आणि ती गोष्ट पटकथेत झाकलेली नाही.

याचा थेट फायदा भाषेत झाला. नव्या चित्रपटात शार्क्सची कुटुंबं घरात स्पॅनिश बोलतात आणि त्या संवादांना इंग्रजी उपशीर्षकं दिलेली नाहीत. इंग्रजी-स्पॅनिश असं वाक्याच्या मधेच वळणं, भांडताना आपोआप आईच्या भाषेत जाणं, हे पाठ करून येत नाही. पात्रनिवडीत वंशाचा आग्रह धरायचा तर तो अशा कामासाठी धरावा.

प्रश्न : अनिताच्या भूमिकेला दोन्ही वेळा ऑस्कर मिळालं. भूमिकाच तशी आहे की नट्या?
(वाचक, नागपूर)

उत्तर : दोन्ही. एकच पात्र करून दोन वेगवेगळ्या कलाकारांना अभिनयाचं ऑस्कर मिळाल्याची उदाहरणं ‘गॉडफादर’मधला व्हिटो कॉर्लिओने आणि ‘जोकर’ एवढीच होती, अनिता तिसरी. तिच्या वाट्याला विनोद, नाच, शोक, अपमान आणि शेवटी एक जीवघेणं खोटं, असं सगळं येतं.

पण आधी ‘अमेरिका’ गाण्याची लय हातावर घेऊन बघा. सहा मात्रा मोजा आणि टाळी पहिल्या व चौथ्या मात्रेवर द्या : तीन-तीन. पुढच्या सहा मात्रांत टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर : दोन-दोन-दोन. हे आलटून पालटून, न थांबता, जलद लयीत. दादऱ्याच्या सहा मात्रा आपल्याला ठाऊक आहेत, पण इथे दर आवर्तनाला खंड बदलतो. अनिताला या लयीवर घागरा उडवत नाचायचं, टोमणे मारत गायचं आणि बर्नार्डोशी भांडायचं. त्यानंतर काही वेळाने ‘अ बॉय लाइक दॅट’मध्ये आवाज खर्जाकडे नेऊन संतापाने गायचं. मोरेनो नाचात अजोड होत्या, खाली मात्र गळा अडला. डीबोज दोन्हीकडे पोचल्या. ‘हॅमिल्टन’ या ब्रॉडवेच्या संगीतनाटकाच्या मूळ संचात समूहात नाचल्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

प्रश्न : आता तंत्र इतकं पुढे गेलं आहे, तर सगळी गाणी सेटवरच थेट का गाऊन घेत नाहीत?
(वाचक, इंदूर)

उत्तर : नाच असेल तिथे ते शक्य नसतं. जोरात नाचणाऱ्याचा श्वास दर दोन-तीन शब्दांनी तुटतो, बूट जमिनीवर आपटतात, कपडे मायक्रोफोनला घासतात. शिवाय एकच कडवं वेगवेगळ्या कोनांतून दहा वेळा चित्रित होतं; दर वेळी लय थोडी मागेपुढे झाली तर संकलकाला तुकडे जोडता येत नाहीत.

उभं राहून किंवा बसून गायच्या भावनाप्रधान गाण्यात मात्र थेट गायनाचा मोठा फायदा आहे. ‘ले मिझराब्ल’ २०१२ मध्ये असा केला गेला. नटांच्या कानात बारीक इअरपीस, दृश्याबाहेर बसलेला पियानोवादक नटाच्या मागोमाग वाजवतोय, आणि पूर्ण वाद्यवृंद नंतर त्या गायनावर बसवला. नट हवा तिथे थांबू शकतो, हुंदका आला तर तो ओळीतच राहतो. त्याची किंमतही त्याच चित्रपटात दिसते : गळा कच्चा असेल तर कच्चेपणा झाकायला जागाच उरत नाही. जावेर या भूमिकेतल्या रसेल क्रो यांच्यावर टीका झाली ती यामुळे. त्याआधी १९६४ मध्ये ‘माय फेअर लेडी’त रेक्स हॅरिसन यांनी टायमध्ये लपवलेल्या बिनतारी मायक्रोफोनवर आपली गाणी सेटवरच म्हटली, कारण ते अर्धं बोलत अर्धं गात आणि तेच पुन्हा हुबेहूब म्हणणं त्यांना जमत नसे. त्याच चित्रपटात ऑड्री हेपबर्न यांचा गळा बहुतांश पुन्हा मार्नी निक्सन यांचा. स्पीलबर्ग यांनी मधला मार्ग काढला : नाचाची गाणी आधी ध्वनिमुद्रित, काही शांत गाण्यांचे भाग सेटवर.

प्रश्न : जुन्या चित्रपटातला दुकानदार डॉक काढून त्याजागी रीटा मोरेनोला आणलं, ही निव्वळ आठवणींची भेळ नाही का?
(वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही, आणि आम्ही याबाबत ठाम आहोत. मोरेनो इथे डॉकची विधवा व्हॅलेंटिना आहेत : गोऱ्या माणसाशी लग्न करून त्याच वस्तीत म्हातारी झालेली पोर्तो रिकन बाई. टोनी-मारियाचं लग्न झालं आणि टिकलं असतं तर ते कसं दिसलं असतं, याचं उत्तर तीच आहे. ‘समव्हेअर’ हे गाणं प्रेमिकांकडून काढून तिच्याकडे दिलं गेलं. त्या गाण्याची पहिलीच उडी मोठी आहे, खालच्या सुरावरून थेट सातव्या सुरावर. तरुण आवाजात ती उडी आशा वाटते. चित्रीकरणाच्या वेळी ८७ वर्षांच्या असलेल्या मोरेनो ती हळू, जवळजवळ बोलल्यासारखी घेतात, आणि तिथे आयुष्यभर वाट पाहिल्याचा थकवा येतो. जेट्स अनिताला दुकानात घेरतात त्या प्रसंगात तिला सोडवायला तीच पुढे येते. १९६१ मध्ये त्याच जागी अनिता म्हणून त्या स्वतः होत्या. पात्रनिवडीने प्रसंगाचा अर्थ इतका वाढल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

प्रश्न : हॉलिवूडमध्ये डबिंग झालं तर लपवाछपवी आणि आपल्याकडे मात्र राष्ट्रीय पुरस्कार. ‘कट्यार’मध्ये सुबोध भावेंच्या ओठांवर महेश काळेंचा गळा आपण डोक्यावर घेतला. आपला निकष दुटप्पी नाही का?
(वाचक, डोंबिवली)

उत्तर : दुटप्पी नाही, आपली परंपराच वेगळी आहे. आपल्याकडे पार्श्वगायकाचं नाव पडद्यावर येतं, रेडिओवर घेतलं जातं, लोक गाणं त्याच्या नावाने ओळखतात. प्रेक्षकाला आधीच माहीत असतं की चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. मार्नी निक्सन यांच्या बाबतीत दुखावणारी गोष्ट गाणं नव्हती, नाव गाळलं जाणं होती.

‘कट्यार काळजात घुसली’ची परिस्थितीही वेगळी. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ चं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे. नाटकात गाणारा नटच लागतो, तिथे पर्याय नाही. २०१५ च्या चित्रपटात मात्र तीन वेगवेगळे मार्ग एकत्र आले. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन : गायकालाच अभिनय करायला लावलं. खाँसाहेब सचिन पिळगांवकर, आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. सदाशिव सुबोध भावे, आवाज अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांचा. त्या वेळी राहुल देशपांडेंनाच पडद्यावर का घेतलं नाही, अशी अनेकांची तक्रार होती. पुढे ‘मी वसंतराव’मध्ये ते स्वतः पडद्यावर आले.

सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘बालगंधर्व’साठी आनंद भाटे यांना, ‘कट्यार’साठी महेश काळे यांना आणि ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांना मिळाला. पहिल्या दोन्ही वेळा पडद्यावरचा चेहरा सुबोध भावेंचा होता. शास्त्रीय गायकीवर ओठ हलवणं हे सुगम गाण्यापेक्षा कितीतरी अवघड : आकाराच्या तानेत ओठ हलतच नाहीत, हलतो तो जबडा आणि घसा, सम कुठे येणार हे डोळ्यांत आधी दिसावं लागतं, तानेआधीचा श्वास चुकला की जाणकाराला लगेच कळतं. हे ज्याला जमतं तो नट पुरस्कारातला अर्धा वाटेकरी आहे, असं आम्ही मानतो.

प्रश्न : आमचं चित्रपट मंडळ या विषयावर वादसभा ठेवणार आहे. गेल्या वेळी नुसती आरडाओरड झाली. काही शिस्त सुचवाल का?
(वाचक, नाशिक)

उत्तर : दीड तास आणि एकच प्रसंग पुरतो. पाच पदरी ‘टुनाइट’ घ्या, दोन्ही चित्रपटांतला.

सुरुवातीला पडदा बंद ठेवून फक्त आवाज ऐकवा, दोन्ही दोनदा. प्रत्येकाने कागदावर लिहायचं : या आवाजाचं वय काय वाटतं, शब्द कळतात का, पाचही पदर वेगळे ऐकू येतात का. नटांची नावं अजिबात घ्यायची नाहीत. मग आवाज बंद करून फक्त चित्र दाखवा. आता बघायचं ते श्वास, मान, खांदे आणि चाल. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र, आणि आपल्या आधीच्या नोंदींत काय बदललं त्यावर खूण करा.

त्यानंतर फळ्यावर प्रत्येक भूमिकेचा कागद मांडा : गाणं कुठून कुठपर्यंत फिरतं (पेटी जवळ असू द्या, खालचा आणि वरचा सूर वाजवून काढा), नाच किती मिनिटं, बोलीची गरज काय, आणि गाण्याविना असलेला सर्वांत कठीण प्रसंग कोणता. ‘टोनी’च्या कागदावर तुरुंगवास लिहायला विसरू नका, सभेतला निम्मा वाद तिथेच मिटेल. हे झाल्यावरच ‘यापेक्षा अमुक हवा होता’ असं म्हणायला परवानगी, आणि म्हणणाऱ्याने कागदावरच्या चारही रकान्यांत आपला माणूस बसवून दाखवायचा.

हमखास बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, फोनच्या किंवा लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही. मग अनिता आणि शार्क्सचे पदर गायब होतात आणि लोक म्हणतात की आवाज पातळ आहेत. साधे पण मोठे स्पीकर आणा. दोन, नव्या चित्रपटाचा आवाज जुन्यापेक्षा मोठा लागू शकतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. सभेच्या आधी दोन्ही तुकडे वाजवून बघा आणि जो लहान वाटेल त्याचं बटण कुठवर फिरवायचं ते खडूने खूण करून ठेवा.